ऑफिसला रोज घालायचा किल्ट: आठवारी घ्यावा की पाचवारी?

वेव्हर्लीचा_प्रवासी

मंडळी, मुक्काम एडिनबरा, ऑफिस आठवड्यातून तीन दिवस. लग्नापुरता भाड्याने आणायचा किल्ट (स्कॉटिश पुरुष घालतात तो निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) नको आहे. स्वतःचा हवा, आणि तो ऑफिस, बाजारहाट, बस, शनिवारची टेकडी असा सगळीकडे पँटसारखा वापरायचा आहे.

दुकानात गेलं की 'आठ यार्ड, सोळा औंस' असं सुरू होतं आणि किंमत ऐकून माणूस बाहेर पडतो. नेटवर मात्र ४० पौंडांपासून मिळतात. मधलं काही आहे का? लोकर घ्यावी की ते पॉलिस्टर-व्हिस्कोस, म्हणजे पीव्ही? पँट ३४ची लागते, मग किल्टही ३४चाच का? आडनाव कुठल्याच क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश घराण्याच्या, यादीत सापडणारं नाही, तर टार्टन (ती रंगीत चौकटींची नक्षी) कुठला घ्यायचा, कुणी हरकत घेतं का? पुढची ती थैली, मोज्यातला चाकू वगैरे ऑफिसात ठेवायचं की वगळायचं? शिवाय खुर्ची, जिना, वारा, स्वच्छतागृह आणि धुणं.

'आत काय घालतात' हा विनोद ज्यांना करायचा आहे त्यांनी इथेच करून घ्यावा, मग मुद्द्यावर येऊ.

निऱ्या_मोजणारा

आधी 'आठ वार' हे प्रकरण. नऊवारी पाहिलेल्याला ते पटकन कळेल. फरक दोनच. निऱ्या पुढे नसतात, मागे असतात. आणि त्या रोज घालायच्या नसतात, एकदाच शिवून टाकलेल्या असतात.

टार्टनचं कापड गिरणीतून साधारण दीड मीटर पन्ह्याचं येतं आणि किल्टची उंची असते साठ-पासष्ट सेंटिमीटर. म्हणून चार वार कापड घेऊन त्याचा पन्हा मधोमध उभा कापतात. दोन पट्टे निघतात, ते टोकाला टोक जोडले की झाला आठ वारांचा एक पट्टा. जोड निरीच्या पोटात लपतो. तेव्हा आठवारी किल्टच्या बिलावर 'कापड ४ यार्ड' दिसलं तर फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.

खालची कड दुमडून शिवलेली नसते, तो कापडाचा स्वतःचा काठ असतो. म्हणूनच तो सरळ, भारदस्त पडतो. आणि म्हणूनच किल्ट खालून आखूड करता येत नाही. करायचाच तर कमरेकडून सगळं उसवून परत शिवावं लागतं, म्हणजे जवळपास नव्या किल्टची मजुरी. उंची पहिल्यांदाच बरोबर घ्या.

आता निऱ्या. आठवारीत साधारण २५ ते ३० निऱ्या बसतात. प्रत्येकीचा बाहेर दिसणारा भाग पाऊण ते एक इंच, बाकीचं सगळं कापड आत. चांगला कारागीर टार्टनची चौकट एका निरीत एकदा पूर्ण फिरवून परत त्याच रेषेवर आणतो. त्यामुळे मागून पाहिलं तर निऱ्या आहेत हे कळतं, पण नक्षी पुढच्यासारखीच अखंड दिसते. चालताना निऱ्या उघडतात तेव्हा आतले रंग चमकून जातात. दुसरी पद्धत फौजी: प्रत्येक निरीवर एकच ठळक रेघ आणायची. ती मागून वेगळीच दिसते. दोन्ही चालतात, मात्र ऑर्डर देताना स्पष्ट सांगा.

निऱ्यांचा वरचा साधारण तिसरा हिस्सा हाताने टाके घालून बंद केलेला असतो. त्याला फेल म्हणतात. हा भाग कमरेकडे निमुळता आणि बसायच्या जागी रुंद असतो. आतून कॅनव्हास आणि अस्तर. किल्टच्या किमतीतला मोठा वाटा या हातभर जागेत जातो. ४० पौंडांच्या मालात नेमका हाच भाग मशीनने सरळ मारलेला असतो, निऱ्या उथळ, कापड ॲक्रिलिक. महिन्याभरात कापडावर गोळे येतात आणि निऱ्या पंख्यासारख्या फाकतात.

वजन: औंस म्हणजे एका वाराचं वजन, पूर्ण पन्ह्यासकट. १० ते ११ औंस हलकं, १३ मधलं, १६ भारी, त्याच्या वर फौजी. हिशोब सोपा आहे. १६ औंसाचा आठवारी म्हणजे ४ गुणिले १६, ६४ औंस, १.८ किलो. बक्कल-अस्तर धरून दोनच्या घरात. १३ औंसाचा पाचवारी (अडीच वार कापड) किलोभर.

रोजच्यासाठी दोन पर्याय सुचवतो. एक, १३ औंस लोकरीचा पाचवारी. दुसरा, आणि मला जास्त आवडणारा, १६ औंसाचा चारवारी बॉक्स प्लीट. यात निऱ्या एकाच दिशेला न पडता दोन्ही बाजूंना दुमडलेल्या असतात. संख्येने कमी, रुंद, सपाट. कापड भारी असल्यामुळे पडतो छान, पण वजन पुन्हा किलोच्या आतबाहेर. खुर्चीत पाठीखाली गादी होत नाही. शिवलेल्या किल्टची जुनी पद्धतही हीच आहे, आठवारी नंतरची. दुकानदार आठवारीच पुढे करतात कारण लग्नाच्या गिऱ्हाइकाला तोच हवा असतो.

हातशिलाईच्या आठवारीला ५०० पौंडांच्या पुढे तयारी ठेवा, आणि काही आठवड्यांची वाट. मधला रस्ता विचारलात म्हणून: भाड्याने देणारी दुकानं वापरलेले लोकरी किल्ट काही वर्षांनी विकायला काढतात. ते चांगले असतात. फक्त पट्ट्यांच्या भोकांची झीज, कसरीची भोकं आणि मागच्या भागावर थैलीच्या साखळीचे ओरखडे बघून घ्या. उजेडासमोर धरलं की कसर लगेच दिसते.

टेप_आणि_टाचणी

वरच्या प्रतिसादाला +१. मापाचं मी सांगते, कारण नव्वद टक्के बिघाड तिथेच होतो.

पँटवरचा ३४ हा आकडा विसरून जा. पँट आपण कुल्ह्यांवर घालतो. किल्ट बेंबीच्या पातळीवर बांधायचा असतो, आणि तिथे ३४वाल्या माणसाचं माप ३६, कधी ३८ निघतं. ३४ मागवलात तर तो वर चढणारच नाही. मग तुम्ही तो खाली पँटच्या जागी बांधाल, काठ नडगीवर येईल आणि फेलचा रुंद भाग बसायच्या जागेच्या खाली लोंबेल. शाळकरी मुलीच्या गणवेशासारखा दिसणारा जो किल्ट तुम्ही कधीतरी पाहिला असेल, तो बहुधा याच कारणाने तसा दिसतो.

मापं तीन. स्वतः घेऊ नका. खाली वाकून बघितलं की कंबर आणि उंची दोन्ही बदलतात.

कंबर: बेंबीपाशी, पातळ बनियनवरून. टेप अंगाला लागलेली, रुतलेली नको. पोट आत ओढू नका.

सीट: पार्श्वभागाच्या सगळ्यात रुंद जागी, खिसे रिकामे, टेप सैलसर. स्वतःहून इंच-दोन इंच वाढवून सांगू नका. सैलपणा किती ठेवायचा ते शिवणारा ठरवतो. तुम्हीही वाढवलं, त्यानेही वाढवलं, की किल्टचं पोतं होतं.

उंची: बेंबीच्या त्याच खुणेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. कुणाला वाटीच्या वरच्या कडेपर्यंत आवडतो, तेही ठीक. वाटीच्या खाली मात्र नाही. पडताळा असा: गुडघे टेकून ताठ उभे राहा, काठ जमिनीपासून इंचभर वर राहिला पाहिजे.

एक खाच इथे आहे. किल्टचा कमरपट्टा बेंबीच्या खुणेच्या वर आणखी दोन इंच जातो, त्याला राइज म्हणतात. काही दुकानं उंची राइज धरून विचारतात, काही न धरून. न विचारता २४ असं लिहून पाठवलंत तर दोन इंचांचा घोळ ठरलेला. आणि काठ कापता येत नाही, हे वर आलंच आहे.

घालताना: किल्ट पाठीमागे धरा, निऱ्या मागे मधोमध. उजव्या हातातलं टोक आधी पोटावरून डाव्या बाजूला न्या. त्याचा पट्टा डावीकडच्या फटीतून बाहेर काढून बक्कलला लावा. मग डावं टोक वरून उजवीकडे. झालर असलेली कड तुमच्या उजव्या मांडीवर आली पाहिजे. उजवीकडे दोन पट्टे असतात. वरचा घट्ट, कारण सगळा भार तोच पेलतो. खालचा, कुल्ह्यावरचा, जेमतेम टेकेल इतकाच. तो आवळलात तर मागच्या निऱ्या मध्यभागी उघड्या पडतात आणि पुढचा सपाट भाग, म्हणजे एप्रन, खालून आत वळतो. लोक म्हणतात किल्ट बिघडला. किल्ट ठीक असतो, फक्त एक भोक सोडायचं असतं.

किल्टपिन फक्त वरच्या थरातून घाला. खालच्या कोपऱ्यापासून तीन-चार इंच वर, झालरीपासून दोन इंच आत. दोन्ही थर टोचून ठेवले तर पहिल्याच लांब ढांगेला कापड फाटतं. पिन बांधायला नाही, शोभेला आहे.

ढगाळ_ग्लासगो

लोकरवाल्यांना लोकरच दिसते. ग्लासगोत राहून बघा. १६ औंसाची लोकर एकदा नीट भिजली की दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या लायक राहत नाही. ओला जड काठ गुडघ्यामागे घासून घासून चामडी सोलतो, पहिल्या महायुद्धात खंदकातल्या हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, किल्ट घालणाऱ्या) सैनिकांचे याने फार हाल झाले.

चांगला पीव्ही (६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के व्हिस्कोस) ३० अंशावर मशीनमध्ये धुता येतो, रात्री वाळत घातला की सकाळी अंगावर. उष्णतेने बसवलेल्या निऱ्या टिकतात. किंमत लोकरीच्या पाव-तिहाई. ॲक्रिलिक आणि पीव्ही एकाच माळेचे मणी समजू नका एवढंच म्हणणं आहे.

निऱ्या_मोजणारा

@ढगाळ_ग्लासगो, धुण्याचा मुद्दा मान्य. पण दोन गोष्टी. पीव्ही हलका असल्यामुळे वाऱ्यात उठतो. एडिनबऱ्यात नॉर्थ ब्रिजवर नोव्हेंबरात पाचवारी पीव्ही घालून उभं राहून बघा, दोन्ही हात त्यालाच लागतील. दुसरं, लोकर ओली झाली तरी ऊब धरते, पीव्ही मांडीला चिकटतो. आठवड्यात तीन दिवस घालायचा असेल तर एक लोकरीचा आणि पावसाळी दिवसासाठी एक पीव्हीचा, ही जोडी मला व्यवहार्य वाटते. आठवारी एक घेण्यापेक्षा तरीही स्वस्त.

मोकळे_गुडघे

ऑफिसचं.

आधी ड्रेसकोडचा कागद काढून वाचा. 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलं असेल तर स्कॉटलंडात किल्ट त्यात सहज बसतो. 'ट्राउझर्स' असा शब्दच छापला असेल तर वरिष्ठांना आधी दोन ओळींची मेल टाका. परवानगीचा अर्ज नको, नुसती कल्पना द्या. प्रयोगशाळा, कार्यशाळा, मोठं स्वयंपाकघर अशा जागी मात्र हट्ट करू नका. उघडे गुडघे आणि आम्ल, तापलेलं तेल किंवा फिरतं यंत्र यांचं जमत नाही, आणि तिथले सुरक्षा नियम पोशाखापेक्षा वरचे.

लग्नाचा थाट ऑफिसात आणू नका, नव्या माणसाची चूक इथेच होते. चांदीच्या बटणांचा प्रिन्स चार्ली कोट संध्याकाळच्या मेजवानीचा. केसाळ स्पॉरनही (पुढची थैली) तिथलाच. घोट्याभोवती नाड्या गुंडाळायचे घिली ब्रोग बूट, पांढरे मोजे, तेही घरी. ऑफिसला साधा शर्ट, एकरंगी स्वेटर, गडद मोजे, नेहमीचे ब्रोग किंवा घोट्यापर्यंतचे बूट. स्वेटर कमरपट्ट्याच्या जरा खाली संपावा. सुटाचा नेहमीचा कोट किल्टवर लांब पडतो आणि माणूस बुटका दिसतो. कोट हवाच असेल तर ट्वीडचा, किल्टसाठी आखूड बेतलेला घ्या. वेस्टकोट घातला तर रुंद पट्टा नको, दोन्हींपैकी एकच.

मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं ठेवून दुमडायचे, आत इलॅस्टिकचा गार्टर. त्याला लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या (फ्लॅशेस) ऐच्छिक. गार्टर घट्ट असेल तर दुपारपर्यंत पोटरीवर लाल वळ उठतो. एक नंबर मोठा घ्या.

स्पॉरन म्हणजे ती पुढची थैली. किल्टला खिसे नाहीत म्हणून ती, शोभा नंतरची. साधी कातडी घ्या. बक्कलच्या खाली चार बोटं लोंबू द्या. किल्ली, कार्ड, रोकड मावते. मोठा फोन बहुतेक स्पॉरनमध्ये मावत नाही, विकत घेण्याआधी फोन आत घालून बघाच. साखळी किल्टच्या मागच्या कापडावर रोज घासते आणि वर्षभरात त्या रेषेत लोकर पातळ होते. रोजसाठी साखळीऐवजी कातडी पट्टा वापरा. टेबलाशी बसताना स्पॉरन डाव्या कुल्ह्यावर सरकवा, नाहीतर दिवसभर टेबलाच्या कडेवर ठोके ऐकत बसाल.

मोज्यातला चाकू, स्गियन दू, ऑफिसात नको. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून धारदार वस्तू बाळगल्याचा बचाव कायद्यात आहे खरा, पण ऑफिसच्या सुरक्षारक्षकाशी सकाळी नऊ वाजता कायद्याची चर्चा कशाला?

बसणं. याला एक लकब आहे, दोन दिवसांत अंगवळणी पडते. खुर्चीकडे पाठ करा. तळहात मागे नेऊन कमरेपासून खाली निऱ्यांवरून फिरवा, त्या सरळ पार्श्वभागाखाली याव्यात. मग बसा. बसल्यावर पुढचा एप्रन दोन मांड्यांच्या मधे किंचित दाबा, तो तिथे झोळीसारखा पडतो आणि झाकण्याचं काम स्वतःच करतो. गुडघे ताणून फाकवले की झोळी ताणून सपाट होते आणि समोरच्याची पंचाईत. पायावर पाय टाकायचा असेल तर घोट्यावर घोटा. घोटा गुडघ्यावर नाही. तळहात न फिरवता धपकन बसलात तर निऱ्या वेड्यावाकड्या दुमडतात आणि उठल्यावर मागे कोंबडीच्या शेपटीसारखं काहीतरी उभं राहतं. ते दिवसभर तसंच राहतं, तुम्हाला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं. खोल गादीच्या बसक्या सोफ्यावर बसणं टाळा, गुडघे कमरेच्या वर जातात. मोटारीत आधी सीटवर टेका, मग पाय आत घ्या.

जिन्याची काळजी नको, काठ गुडघ्यावर असतो. काचेच्या पायऱ्यांचा जिना सोडून.

स्वच्छतागृह: उभ्याने जाताना स्पॉरन बाजूला सरकवायचा आणि एप्रन वर उचलायचा, पट्टे सोडायचे नाहीत. बसताना मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी गोळा करून पुढे मांडीवर घ्यायच्या. साडीवाल्यांना हे शिकवायला नको.

आणि हो, आत चड्डी घाला. फौजी परंपरा वगैरे ठीक आहे, पण लोकर खरखरीत असते, ऑफिसच्या खुर्च्या सगळ्यांच्या असतात आणि वारा कुणाचा नसतो.

वेव्हर्लीचा_प्रवासी

खूप आभार मंडळी. @टेप_आणि_टाचणी, घरी माप घेतलं, बेंबीपाशी ३७ भरलं. टार्टनचं कुणी सांगेल का? आणि टेकडीवर काय वेगळं करायचं?

काठपदर

टार्टन: कोणताही घ्या. अमक्या आडनावालाच अमका टार्टन असा कायदा नाही. स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेलं १७४५चं बंड मोडल्यावर सरकारने १७४६च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ला उठली. त्यानंतर १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्यात आला, त्या स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली, आणि प्रत्येक क्लॅनला 'आपला' टार्टन हवासा झाला. बॅनॉकबर्नच्या, टार्टन विणणाऱ्या विल्सन गिरणीच्या नमुन्यांत तर कित्येकांना आधी नुसते आकडे होते, नावं मागाहून चिकटली. तेव्हा फार सोवळं पाळायचं कारण नाही.

शिष्टाचार म्हणून एवढं पाळा: बालमोरल टार्टन राजघराण्याचा, तो बाकी कुणी घालत नाही. ज्यांचं आडनाव क्लॅनच्या यादीत नाही अशांसाठी ब्लॅक वॉच, कॅलेडोनिया, हंटिंग स्ट्यूअर्ट हे सर्रास चालतात. जिथे राहता तिथला जिल्ह्याचा टार्टनही घेता येतो, एडिनबऱ्याचा आहे. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स २००९पासून ऑनलाइन आहे, त्यात नावाने शोधा. निर्बंध असेल तर नोंदीत लिहिलेला असतो.

ऑफिससाठी माझं मत ब्लॅक वॉच. गडद निळा-हिरवा, लांबून एकरंगी वाटतो, डाग दिसत नाहीत, कुठल्याही शर्टावर जातो. त्याहून शांत हवं तर करड्या ट्वीडचा बिनटार्टन किल्ट. लाल रॉयल स्ट्यूअर्ट सुंदर आहे, पण सोमवारच्या मीटिंगला नको.

टेकडीवर: जुना पाचवारी आणि जाड मोजे. चढताना गुडघे मोकळे असल्याचं सुख पँटमध्ये नाही. पण ब्रॅकनच्या (एक प्रकारचं नेचं) झुडपातून जाताना गोचिड्या पायाला लागतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. मोजे वर ओढा, बाहेरून गेटर (नडगीवरचं आवरण) चढवा, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत आरशाने बघा. मे ते सप्टेंबर मिजेस नावाची चिलटं चावतात, गुडघ्यांना औषध लावल्याशिवाय थांबू नका. काटेरी तारेचं कुंपण ओलांडताना निऱ्या पुढे गोळा करून हातात घ्या. आठवारी तारेत अडकून फाटला तर रफू करणाऱ्याचाही जीव जातो.

अवांतर: बाजूच्या मोठ्या खिशांचे, बटणांचे कॉटन ड्रिलचे 'युटिलिटी' किल्ट अमेरिकेकडचे. सुतारकाम, बागकामाला मस्त. पण इथल्या म्हाताऱ्यांसमोर त्याला किल्ट म्हणू नका.

टेप_आणि_टाचणी

३७ म्हणजे ३७च सांगा. नव्या लोकरी किल्टचे पट्टे वापराने जरासे ताणतात, मधल्या भोकावर बसेल असा घ्या म्हणजे दोन्हीकडे जागा राहते.

धुण्याचं राहिलं होतं. लोकरीचा किल्ट वरचेवर धुवायचा नसतो. अंगावरून काढला की लगेच कपाटात कोंबू नका, रात्रभर हवेवर टांगा. चिमट्यांचा हँगर, कमरपट्ट्यात चार ठिकाणी धरून. दोनच चिमटे लावले तर मधला भाग झोळतो आणि तोच आकार घेतो. चिखल वाळू द्या, मग ब्रश. ओला चिखल घासलात तर तो धाग्यात शिरतो.

वर्षातून एकदा धुवायचाच असेल तर आधी निऱ्यांवर धावदोरा घालून घ्या. काठापासून दोन इंचांवर एक ओळ, मध्ये एक. पांढरा सुती दोरा, लांब टाके, प्रत्येक निरी तिच्या जागी. मग कोमट पाण्यात, लोकरीच्या साबणात, टबमध्ये सपाट बुडवायचा, चोळायचा-पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचा, आडवा वाळवायचा. इस्त्री धावदोरा असतानाच, वरून ओलं सुती फडकं ठेवून, दाबून उचलायची. पुढे-मागे ओढलीत तर निरीची धार तिरपी होते. फेलवर इस्त्री जोरात दाबू नका, आतल्या निऱ्यांचे ठसे बाहेर उमटतात. ड्रायक्लीनला दिलात तरी धावदोरा घालूनच द्या, तिथे निऱ्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही.

उन्हाळ्यात ठेवून द्यायचा असेल तर आधी स्वच्छ करून, झिपच्या पिशवीत. कसर घामाच्या आणि सांडलेल्या वरणाच्या जागी आधी लागते.

वेव्हर्लीचा_प्रवासी

चारवारी बॉक्स प्लीट, १६ औंस, ब्लॅक वॉच ठरवतोय. शेवटचे दोन: सायकलवर चालतो का? आणि डिसेंबरात मुंबईला नेताना बॅगेत घडी कशी?

मोकळे_गुडघे

सायकल: आडवी दांडी असलेली असेल तर टांग टाकताना अडचण, आणि निऱ्या मागच्या चाकावर येतात. खाली वाकलेल्या दांडीची चालते. सीटवर बसण्याआधी निऱ्या पुढे घेऊन मांडीखाली दाबायच्या, मागच्या चाकाला कोटरक्षक जाळी हवी. खरं सांगायचं तर पँट घालून जा आणि ऑफिसात बदला.

टेप_आणि_टाचणी

घडी नको, गुंडाळी. जमिनीवर उपडा पसरा, निऱ्या हाताने सरळ करा. एप्रन दोन्ही बाजूंनी निऱ्यांवर दुमडा. मग निऱ्यांच्या आडव्या दिशेने, एका बाजूकडून दुसरीकडे घट्ट गुंडाळा, म्हणजे निऱ्या वळकटीच्या लांबीने सरळ राहतात. ही वळकटी जुन्या नायलॉन स्टॉकिंगच्या एका पायात सरकवा किंवा तीन जागी नाडी बांधा. पोचल्यावर गरम पाण्याची वाफ कोंडलेल्या न्हाणीघरात तासभर टांगा.

किल्टपिन आणि स्गियन दू दोन्ही चेक-इनच्या बॅगेत. आणि कातडी स्पॉरन तिकडे ठेवून येणार असाल तर पावसाळ्यात बंद कपाटात नको, बुरशी धरते.